नऊ आठवड्यांच्या लॅब्रॅडॉर पिल्लाला रॉ डाएट (कच्चं मांस) द्यावं का?

सावनी_नाशिक :
नमस्कार मंडळी, आधी शोधलं पण जे सापडलं ते सगळं मोठ्या कुत्र्यांबद्दल आहे म्हणून नवीन धागा काढतेय. आमच्याकडे लॅबचं पिल्लू आलंय, मादी, नाव काजू, वय नऊ आठवडे, वजन पाच किलोच्या आसपास. जिथून आणली त्यांनी पपी स्टार्टरची पिशवी दिलीये, कोमट पाण्यात भिजवून चार वेळा देतो, खाते पण आवडीने आणि शी पण व्यवस्थित आहे. पण नवऱ्याच्या जिममधल्या मित्राकडे दोन रॉटवायलर आहेत, तो पहिल्यापासून त्यांना कच्चंच घालतो आणि ती कुत्री खरंच अशी चकचकीत दिसतात ना की बघत राहावं. त्याचं म्हणणं पिशवीतलं खाणं म्हणजे मका आणि भुसा, कुत्रा मुळात मांसाहारी, लहानपणापासून कच्चं दिलं की पोट तयार होतं. रील्सवर पण सगळीकडे हेच.

आम्ही ठरवलंय ते असं की सकाळी कच्चा चिकन खिमा, दुपारी दही आणि कच्चं अंडं, संध्याकाळी बोनलेस आणि थोडी कलेजी, रात्री परत खिमा, शिवाय मटणवाला फुप्फुस फुकट देतो म्हणाला ते रविवारी. हाडं नकोतच असं मला वाटतं, घशात अडकायची भीती वाटते. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, सासूबाईंना संधिवात आहे त्यांच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्या घरच्या फ्रीजमध्ये कच्चं मांस ठेवू देत नाहीत म्हणून वेगळा छोटा फ्रीजर घ्यायचं चाललंय. तर प्रमाण किती, सुरुवात कधी करायची आणि कोणी एवढ्या लहान पिल्लाला दिलंय का, सांगा प्लीज.

ब्रुनोची_आई :
अगं सावनी अभिनंदन! मी रॉ वालीच आहे हे आधीच सांगते. आमचा ब्रुनो जर्मन शेफर्ड, लहानपणी पिशवीतलंच खायचा, सतत कान खाजवायचा, पोट बिघडायचं, एक वर्षाचा झाल्यावर त्याला रॉ वर आणलं आणि खाज गेली, शी निम्म्यावर आली, दात पांढरे झाले, हे मी रोज डोळ्यांनी बघतेय. आणि ही पद्धत काही रील्सवाल्यांनी काढलेली नाही, ऑस्ट्रेलियातले व्हेट इयान बिलिंगहर्स्ट १९९३ पासून हेच मांडतायत. तुझ्या प्लॅनमध्ये एकच गोष्ट मला पटली नाही, हाडं काढून टाकू नकोस गं. आम्ही लोक ८०-१०-१० धरतो, म्हणजे ८० टक्के मांस, १० टक्के कच्चं हाड, १० टक्के आतले अवयव आणि त्यातली निम्मी कलेजी. पिल्लाला चिकनच्या माना दे, मऊ असतात, आरामात चावते. शिजवलेलं हाड मात्र कधीच नको, त्याचे टोकदार तुकडे पडतात.

निवांत_काका :
आमच्या सांगलीकडच्या घरी कुत्री ताक-भाकरीवर मोठी झाली, कधी मटण झालं तर हाडकं. कोणाला काही झालेलं आठवत नाही. पिल्लाला दूध-भाकरी द्या, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा, हाडं आपोआप मजबूत होतील. एवढा खर्च आणि वेगळा फ्रीजर कशाला हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

डॉ_गोठा_सातारा :
सावनीताई, मी व्हेट आहे, आमच्याकडे गाई-म्हशी जास्त पण कुत्रीही रोज येतात. उद्यापासून काही सुरू करू नका, आहे ती पिशवी चालू ठेवा, का ते आता लिहितो, जरा लांब होईल.

कच्चं की शिजवलेलं हा वाद आपण नंतर घालू. तुमच्या प्लॅनमध्ये कॅल्शियमच नाहीये. पाच किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात आणि पिल्लांसाठी १००० कॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम असा हिशोब धरतात, म्हणजे काजूला रोज २ ग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम पाहिजे. आता अर्धा किलो बोनलेस चिकन घ्या, त्यात कॅल्शियम निघतं ५०-६० मिलिग्रॅम. मिलिग्रॅम बरं का. आणि फॉस्फरस निघतं जवळजवळ १ ग्रॅम. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीचं असावं लागतं, शक्यतो थोडं जास्तच, आणि इथे ते उलटं वीस पटीच्या घरात गेलं. दह्याने ही दरी भरत नाही. अर्धा लिटर दुधात सुद्धा ६०० मिलिग्रॅमच असतं आणि तेवढं दूध पाजलं तर बहुतेक पिल्लांना जुलाब लागतात.

मग शरीर काय करतं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ द्यायचं नाही म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी जोरात कामाला लागते आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणते. म्हणून अशा पिल्लाची रक्ताची तपासणी केली की कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं आणि घरचे निश्चिंत होतात, इकडे हाडं मात्र आतून पोकळ होत असतात. अशी पिल्लं मी दरवर्षी बघतो. चार महिन्यांचा शेफर्ड, अंगाने गुबगुबीत, केस छान, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, पंजा पूर्ण टेकवून चालतो, हात लावला की विव्हळतो. सोफ्यावरून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडलं. एक्स-रेमध्ये हाड आणि मांस यात फरक कळत नव्हता. त्या माणसाने पिल्लाला रोज ताजं बोनलेस आणून घातलं होतं, कुठे पैशाची काटकसर केली नव्हती, प्रेम तर भरपूर होतं.

काका, उन्हाचं म्हणाल तर माणसाच्या कातडीत उन्हाने व्हिटॅमिन डी तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. गावच्या कुत्र्यांचं तुमचं निरीक्षण खोटं नाही, पण ती लहान चणीची, सावकाश वाढणारी, दिवसभर हिंडून काय काय खाणारी. लॅबचं पिल्लू वर्षाच्या आत पंचवीस-तीस किलोला जातं आणि ते फक्त आपण वाटीत घालू तेवढंच खातं.

ब्रुनोची_आई :
डॉक्टर मी पण हेच म्हणतेय ना, हाडं हवीत! बोनलेस देणं म्हणजे रॉ डाएट नाहीच मुळी. मानेसकट दिलं की कॅल्शियमचा प्रश्न मिटला. लांडग्याची पिल्लं कुठे मोजून खातात.

डॉ_गोठा_सातारा :
ताई तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे म्हणून नीट उत्तर देतो. हाडं घातली की कमतरता जाईल, पण मोठ्या जातीच्या पिल्लात जास्त कॅल्शियम पण तितकंच वाईट. वयाने मोठा झालेला कुत्रा नको असलेलं कॅल्शियम आतड्यातच सोडून देतो, साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही, खाण्यात जेवढं आलं त्यातलं बरंचसं अंगात शिरतं. नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठात हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे दाखवलं, जास्त कॅल्शियमवर वाढलेल्यांची हाडं आणि सांधे बिघडले. म्हणून मोठ्या जातींसाठी वरची मर्यादा १००० कॅलरीला ४.५ ग्रॅम धरतात. काजूच्या ७०० कॅलरीत ती ३ ग्रॅमच्या थोडी वर येते. म्हणजे २ ते ३ ग्रॅम एवढ्या पट्टीत रोज राहायचं, वजन वाढेल तशी पट्टी सरकणार, आणि चिकनवाला जी मान देतो तिच्यात हाड किती, कातडी किती, चरबी किती हे आपल्याला कसं कळणार? आज जाड मान, उद्या नुसती कातडी. एक वर्षाच्या ब्रुनोला हे चढउतार पचतात. नऊ आठवड्यांच्या पिल्लाला नाही. याच कारणाने पिशवीतलं चालू असताना वर कॅल्शियमचं सिरप घालणं पण बंद करा, आपल्याकडे प्रत्येक पिल्लाच्या घरी ती बाटली असतेच.

शिवाय ८०-१०-१० मध्ये झिंक, आयोडीन, मँगनीज, व्हिटॅमिन ई आणि डी कमी पडतं. आणि लांडग्याबद्दल म्हणाल तर २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या अ‍ॅक्सेलसन यांच्या गटाने कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास छापला. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजचं जे जनुक लांडग्यात २ प्रती असतं ते कुत्र्यांत ४ पासून ३० प्रतींपर्यंत सापडलं. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून कुत्रा बदललाय. काकांच्या भाकरीला त्यामुळे माझा विरोध नाही, फक्त नुसत्या भाकरीला आहे.

पेट्रीडिश :
मी मायक्रोबायॉलॉजीची आहे, लॅबमध्ये काम करते, कुत्र्याची नाही तपासणीची. डॉक्टरांनी हाडांचं सांगितलं, मला सावनीच्या घरातल्या माणसांची काळजी वाटतेय. चार वर्षांचं मूल आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या आजी. मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबतं, कच्च्या मांसातला साल्मोनेला जंतू आपल्याला दोन दिवसांचे जुलाब देऊन जाईल पण त्यांना हॉस्पिटलात नेऊ शकतं.

लोकांना वाटतं कुत्रं ठणठणीत आहे म्हणजे मांस चांगलं होतं. तसं नसतं. कुत्रं स्वतः आजारी न पडता शीतून साल्मोनेला बाहेर टाकत राहतं, आणि पिल्लू म्हणजे काय, शी करतं त्यात पाय देतं, स्वतःला चाटतं, मग पोराचं तोंड चाटतं. फरशी, वाटी, सोफा, खेळणी सगळीकडे ते पसरतं. फ्रीजरने जंतू मरत नाहीत, झोपतात, वितळलं की परत सुरू. हळद लावून, व्हिनेगरमध्ये बुडवून, मिठाच्या पाण्यात धुऊन पण जात नाहीत. उलट सिंकमध्ये चिकन धुतलं की त्याचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. आपल्या चिकन सेंटरमध्ये एकाच ओंडक्यावर दिवसभर सगळं कापतात, सुरी एकच, फडकं एकच, आणि त्यात त्या दुकानदाराचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही कारण तो मांस विकतो ते शिजवून खाण्यासाठी. गिऱ्हाईक घरी जाऊन कुकरला लावणार हे धरूनच ती सगळी साखळी चालते. उकळी आली की जंतूंचा प्रश्न संपतो. कच्चं घालायचं ठरवलं की आपण ती एकमेव सुरक्षित पायरी काढून टाकतो.

आणि मानांबद्दल एक. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी कुत्र्यांत येणाऱ्या एका लुळेपणाचा अभ्यास केला, आधी मागचे पाय जातात मग पुढचे, काहींचा श्वासही अडकतो. त्याचा संबंध कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी आणि कच्चं चिकन, खास करून कच्च्या माना खाण्याशी लागला. माणसातल्या जीबीएससारखाच (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा लुळेपणा) प्रकार आहे हा. पुण्याच्या लोकांना जानेवारी २०२५ आठवत असेल, सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे पेशंट वाढले होते, त्यातल्या काहींच्या नमुन्यात हाच कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी निघाला. तिथे संशय मुख्यतः पाण्यावर होता, कुत्र्यांचा संबंध नव्हता, पण जंतू काय करू शकतो ते आपण जवळून पाहिलंय. प्रत्येक मान खाणाऱ्याला होतं असं मी म्हणत नाहीये, हे दुर्मिळच आहे. पण पिल्लाची कोरी करकरीत प्रतिकारशक्ती असताना ती जोखीम का घ्यायची?

ऑरेंजसिटी :
पेट्रीडिश ताईंना जोडून. नागपूरला गोरेवाडा रेस्क्यू सेंटरमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, तपासणीत एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लू निघाला, आणि त्यांना दिलेल्या कच्च्या चिकनमधून आला असावा असा संशय होता. मांजरकुळाला हा जास्त बाधतो, कुत्र्यांना त्या मानाने कमी, हे मान्य. तरी नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हापासून आपल्याकडे अधूनमधून साथ येते आणि साथ आली की सरकार आपल्याला काय सांगतं, चिकन-अंडी नीट शिजवून खा. मग घरातल्या पिल्लाला वेगळा नियम कसा चालेल. ज्यांच्या घरी मांजर पण आहे त्यांनी तर कच्चं चिकन अजिबात आणू नये.

लेस्टरकर :
मी इंग्लंडमध्ये असते, आमच्याकडे रॉ फीडिंगची प्रचंड क्रेझ आहे, पार्कात भेटणारा दर तिसरा माणूस त्याबद्दल बोलतो. पण एक फरक लक्षात घ्या, इथे रॉ पेट फूड म्हणून जे विकतात त्याला कायद्याने नमुना तपासावा लागतो, २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला सापडता कामा नये, आणि पिल्लांसाठी कम्प्लीट (म्हणजे संपूर्ण आहार) असं लिहिलेलं असेल तर त्यात बाकीची खनिजं घातलेली असतात. एवढं असून २०१७ मध्ये इथे ई कोलाय ओ१५७ या जंतूची छोटी साथ आली, चार जण आजारी पडले, एक बाई दगावल्या, आणि त्यातल्या तिघांचा संबंध कच्ची वजडी खाणाऱ्या कुत्र्यांशी निघाला. रील्स बहुतेक इथल्या नाहीतर अमेरिकेतल्या असतात, त्यात दाखवतात ते पॅकबंद तपासलेलं मांस, आणि ते बघून आपल्याकडे लोक कोपऱ्यावरच्या दुकानातला खिमा आणतात. दोन्हीची तुलनाच होऊ शकत नाही. माझ्या बहिणीला कोल्हापूरला मी हेच सांगून सांगून थकले.

माणदेशी :
कोणीच फुप्फुसाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय, खरं तर सावनीताईंच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात भयंकर तेच वाटलं. आमच्याकडे मेंढरं आहेत, पिढ्यानपिढ्या. मेंढी कापली की फुप्फुस आणि काळीज यात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी निघतात. ते फेकलं की कुत्री खातात. त्या गाठीत एका फीतकृमीची पिल्लं असतात, ती कुत्र्याच्या आतड्यात मोठी होतात, कुत्र्याला काही म्हणजे काही होत नाही, पण त्याच्या शीतून अंडी पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली की तशीच गाठ माणसाच्या लिव्हरला नाहीतर फुप्फुसाला होते. हायडॅटिड म्हणतात. माझ्या आत्याचं लिव्हरचं ऑपरेशन झालं यासाठी, गाठ नारळाएवढी होती, वर्षानुवर्षं वाढत होती आणि तिला पत्ता नव्हता. ऑपरेशन करताना गाठ फुटली तर जिवावर बेततं म्हणून डॉक्टर पण घाबरून असतात. तेव्हापासून आमच्या वस्तीवर कोणी कच्चं फुप्फुस-काळीज कुत्र्याला टाकत नाही, पुरतो नाहीतर अर्धा तास खळखळ उकळून मग घालतो. गाठ दिसली तर उकळून पण नाही, सरळ खोल खड्डा. फुकट मिळतं ते याच कारणाने फुकट असतं कधी कधी, शेळी-मेंढी-म्हैस कशाचंही असो. चार वर्षांचं पोर घरात असताना तर अजिबात नको ताई, हात जोडून सांगतो.

सावनी_नाशिक :
सगळ्यांचे खूप खूप आभार. मी आणि नवरा दोघांनी बसून वाचलं, माणदेशी दादांची पोस्ट वाचून तर तो स्वतःच म्हणाला की फुप्फुसाचं नाव काढू नकोस. फ्रीजर कॅन्सल. पण मला अजून काही गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे तिला घरचं ताजं काहीच द्यायचं नाही का, नुसते कोरडे दाणे बघून मला वाईट वाटतं हो. दुसरं, शिजवून घरचं पूर्ण जेवण द्यायचं ठरवलं तर? आणि तिसरं, ती आता सगळं चावत सुटलीये, चपला, टेबलाचे पाय, मुलाची बोटं, तिला हाड नाही तर मग काय देऊ?

डॉ_गोठा_सातारा :
वाईट वाटून घेऊ नका, ताजं द्या की. पिशवी निवडताना फक्त बघा की मागे ग्रोथसाठी कम्प्लीट लिहिलंय आणि मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी आहे. मग दिवसाच्या कॅलरीतल्या १० टक्क्यांपर्यंत वरचं चालतं, काजूच्या बाबतीत ७० कॅलरी म्हणा, म्हणजे उकडलेलं चिकन ४०-५० ग्रॅम किंवा एक उकडलेलं अंडं, दोन्ही नाही. चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं, मीठ मसाला काही नाही, आणि कांदा-लसूण तर कणभर सुद्धा नाही कारण त्याने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, आपल्या रश्श्यातला तुकडा काढून धुऊन दिला तरी तो कांद्याच्या रसात शिजलेलाच असतो. उकडलेलं पाणी टाकू नका, गार करून दाण्यांवर घाला, वास येतो, आवडीने खाईल. अंडं शिजवूनच, कच्च्या पांढऱ्यातलं एक प्रथिन बायोटिन बांधून ठेवतं, शिजवलं की ते निकामी होतं. गाजर, दुधी, लाल भोपळा उकडून चमचाभर. द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट, आणि शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल ही विषं समजा, नाशिकला द्राक्षाच्या सीझनमध्ये तर जास्तच लक्ष ठेवा, पोरगं एखादा मणी खाली टाकतंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, शिजवून घरचं पूर्ण जेवण शक्य आहे पण अंदाजपंचे नको. अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा चांगला कॅल्शियमचा स्रोत आहे, एक चहाचा चमचा पुडीत २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम निघतं, पण त्यात फॉस्फरस, झिंक, आयोडीन, डी काही नसतं, आणि चमचा शिगोशिग की सपाट यावर आकडा बदलतो. नाचणीत १०० ग्रॅमला ३४०-३६० मिलिग्रॅम आहे, ऐकायला भरपूर वाटतं पण धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे सगळं अंगी लागत नाही. म्हणून पिल्लासाठी पोषणाचं खास शिक्षण घेतलेल्या व्हेटकडून वजनानुसार ग्रॅममध्ये पाककृती लिहून घ्या आणि दर दोन आठवड्यांनी वजन कळवून ती बदलून घ्या. ते जमणार नसेल तर एक वर्षाची होईपर्यंत पिशवी बरी, नंतर मग हवे ते प्रयोग करा.

चावण्याचं असं की दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांची होईपर्यंत हे चालणार. रबराचं खेळणं आणा, नखाने दाबलं तर थोडं दबलं पाहिजे एवढं मऊ, त्यात भिजवलेले दाणे भरून फ्रीजमध्ये गार करून द्या. जुना सुती टॉवेल ओला करून पिळून, पीळ देऊन गोठवला तरी चालतो, फक्त समोर बसा, धागे गिळू देऊ नका. मोठी कडक मटणाची हाडं, शिंगं, खूर यांनी दात तडकतात, माझ्याकडे येणारे मोडके दात बहुतेक त्यांचेच असतात.

आणि एक महत्त्वाचं राहिलं. लसी पूर्ण व्हायच्या आहेत. पिल्लाला जुलाब लागले, उलट्या झाल्या, मलूल पडली, तर खाणं बदलल्यामुळे असेल म्हणून घरी थांबू नका. शीत रक्त असेल तर तर नाहीच. पार्वो हा विषाणूचा जीवघेणा आजार त्याच वयात येतो आणि तो पण असाच सुरू होतो. लहान पिल्लाला मोठ्या कुत्र्यासारखं चोवीस तास उपाशी ठेवायचं नसतं, साखर खाली जाते. त्याच दिवशी दाखवा.

मांडवी :
आम्ही पणजीला. इथे सगळे कुत्र्याला मासे घालतात त्यामुळे विचारते, बांगडे तारले कच्चे दिले तर चालतात ना? आमची मुनी तीन महिन्यांची आहे, मार्केटला गेले की कोळीण तिच्यासाठी बारके तारले वेगळे काढून ठेवते.

डॉ_गोठा_सातारा :
मासे चांगलेच, पण उकडून आणि काटा काढून. काही माशांत कच्चेपणी थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी१ तोडतं, रोज कच्चे खाल्ले तर मेंदूवर परिणाम होतो. उकडलं की ते निकामी होतं, कृमींचा पण प्रश्न मिटतो. आठवड्यातून दोनदा एखादा तारला, खारवलेला-सुकवलेला मात्र नको, मीठ फार. १० टक्क्यांचा हिशोब मुनीलाही लागू.

ब्रुनोची_आई :
डॉक्टर, मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत माझं मत मी बदलणार नाही, ब्रुनोची खाज ज्याने गेली ते मी सोडणार नाही, पण पिल्लाला माना द्या हे माझं वरचं वाक्य मी मागे घेते, सावनी तू डॉक्टरांचंच ऐक. मला स्वतःसाठी विचारायचंय. ब्रुनोला आठवड्यातून एकदा कच्ची वजडी आणि कधी कधी काळीज असतं. जंताचं औषध तीन महिन्यांनी देते. माणदेशी दादांनी लिहिलंय ती गाठ त्याने जाते का?

डॉ_गोठा_सातारा :
ताई, ब्रुनोची खाज गेली ती कच्चेपणाने गेली की खाण्यातला एखादा न सोसणारा घटक बदलल्याने, हे बघायला तेच मांस महिनाभर शिजवून देऊन बघा, हाडं काढून आणि त्या जागी कॅल्शियम घालून, पुडीचं प्रमाण मी वजन कळल्यावर सांगतो. बहुतेक वेळा शिजवलेल्यावरही खाज परत येत नाही.

जंताच्या औषधाचं, पाकिटावर प्राझिक्वांटेल लिहिलंय का बघा. नुसतं पायरँटेल असेल तर ते गोलकृमींवर चालतं, या फीतकृमीवर नाही. आणि कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्यात ही कृमी साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी टाकायला लागते, म्हणून तीन महिन्यांचं अंतर पुरत नाही, दर सहा आठवड्यांनी द्यावं लागतं. पिल्लांचं वेगळं, दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, डोस वजनावर. सावनीताई, काजूला आणल्यापासून दिलंय का ते कार्डावर बघा, नसेल तर लसीच्या वेळी वजन करून घ्या.

सावनी_नाशिक :
कार्डावर एकदाच लिहिलंय, पाच आठवड्यांची असताना. शनिवारी लस आहे, तेव्हाच विचारते. आणि मुलाला पण बालरोगतज्ज्ञांकडे जंताचं औषध द्यायचं राहिलंय, ते पण करून घेते.

माणदेशी :
हे बेस झालं ताई. पोराला शी उचलायच्या कामात घेऊ नका आणि जेवायच्या आधी साबणाने हात, एवढं आमच्या वाड्यावर सगळ्या पोरांना लावून दिलंय.